मला आधी काहीच कळलं नव्हतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही म्हणजे कोणी एक नव्हे. निरोपसमारंभात भाषण ठोकणारे सहकारी, पीएचडीची तोंडी परीक्षा आटोपल्यावर चहाचा कप घेऊन मला कोपऱ्यात गाठणारी मुलं, आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले ते काका, ज्यांना गच्चीच्या गळतीपासून मेंदूच्या सुजेपर्यंत सगळ्यात गती आहे. प्रश्न सगळ्यांचा एकच. "मॅडम, डोक्याच्या इजेवरच्या प्रोजेस्टेरॉनच्या दोन्ही मोठ्या चाचण्या २०१४ साली आपटल्या. तुम्ही तर २०११ मध्येच त्या संशोधनातून अंग काढून घेतलं होतंत. तुम्हाला आधीच कसं कळलं?"

विचारताना चेहऱ्यावर कौतुक असतं. बाजार कोसळायच्या आदल्या दिवशी शेअर विकून मोकळ्या झालेल्या माणसाकडे बघावं, तसं. त्या कौतुकाचाच मला वैताग आला आहे.

आजवर मी आलटून पालटून तीन उत्तरं देत आले. आकडे नीट वाचले की वास येतो, हे पहिलं. ही थाप आहे. अनुदान संपलं होतं, हे दुसरं. ते संपलं होतं खरं, पण वाढवून मिळालं असतं. मी अर्जच केला नाही. बायकांच्या मेंदूविकारांकडे वळायचं होतं, हे तिसरं. हे ऐकायला सगळ्यात बरं वाटतं, म्हणून मी ते सगळ्यात जास्त वेळा दिलं. पण वळायचं ठरलं ते नंतर. आधी नुसतं सोडलं.

मला काहीही कळलेलं नव्हतं. सोडलं त्या दिवशीसुद्धा मला कोणी पैज लावायला सांगितली असती, तर मी औषध चालणार या बाजूनं लावली असती.

हेही नीट ऐकून घ्या, कारण २०१४ नंतर सगळे असं बोलतात की डोक्याला मार लागल्यावर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं बायकांचं हार्मोन, द्यायची ती कल्पना मुळातच खुळचट होती. नव्हती. अमेरिकेत डोनाल्ड स्टाइन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं होतं की उंदरांच्या डोक्याला सारखीच इजा केली तरी माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात. ज्या माद्यांच्या शरीराला आपण गाभण असल्याचा भास झालेला असतो, म्हणजे ज्यांच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं, त्यांच्या मेंदूला सूज फारच कमी येते. त्याच्याही आधी पॅरिसमध्ये एतियेन-एमिल बोलिये यांनी दाखवायला सुरुवात केली होती की मेंदू अशी हार्मोन स्वतःच तयार करतो, पुरुषांचासुद्धा. म्हणजे जे आम्ही वर्गात गर्भाशयाचं हार्मोन म्हणून शिकवत होतो, ते मेंदूच्या घरचंच निघालं. १९९३ चा स्टाइन यांच्या गटाचा निबंध मी परळच्या ग्रंथालयातून झेरॉक्स करून घेतला आणि गर्दीच्या लोकलमध्ये, एका हातानं कडी धरून, उभ्यानं वाचला. विक्रोळी कधी गेलं कळलं नाही.

सूज मोजायची आमची रीत अगदी घरगुती होती. मेंदूचा तुकडा तोलायचा, चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवायचा, पुन्हा तोलायचा. मधलं उडालेलं ते पाणी. इजा झालेल्या मेंदूत पाणी दोन-तीन टक्क्यांनीच वाढतं, पण कवटीत तेवढ्यालाही जागा नसते. ज्या उंदरांना प्रोजेस्टेरॉन दिलं, त्यांच्यात ते कमी वाढायचं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, वेगळ्या विद्यार्थ्याच्या हातून झालं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि परळची पार दैना उडाली, त्या रात्री आम्ही चौघांनी तळमजल्यावरचे पिंजरे जिन्यानं वर नेले आणि उंदरांच्या शेजारी बिस्किटं खात बसून राहिलो. एकही दगावला नाही. त्या भिजल्या, भेदरलेल्या बॅचमध्येसुद्धा फरक दिसला. अशा गोष्टीवर माणसाची श्रद्धा बसते. शास्त्रज्ञांची बसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्यासारखे पिंजरे वाहून बघावेत.

आता दुसरी बाजू. माझे बहुतेक उंदीर नर होते. हार्मोन बायकांचं, अभ्यास करणारी बाई, आणि पिंजऱ्यात नर. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि ती त्यात कुठे आहे हे कळायला रोज सकाळी ठरलेल्या वेळी स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. माझी ७.४२ ची लोकल चुकली की त्या दिवसाची नोंद गेली. नर बरे, त्यांचं काही बघावं लागत नाही. हा आळस जगभरचा होता. मेंदूविज्ञानात फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट आहेत, असं २०११ मध्ये मोजून दाखवलं गेलं तेव्हा सगळ्यांनी आश्चर्य वाटल्याचं दाखवलं. शिवाय माझे नर सगळे तरुण, एका वजनाचे, एका कुळातले. कोणाला मधुमेह नाही, कोणी दारू प्यायलेलं नाही. इजा यंत्रानं, एकाच जागी, ठरल्या खोलीपर्यंत. आणि औषधाचा पहिला डोस एका तासाच्या आत. हे सगळं तेव्हाही दिसत होतंच. निबंधाच्या शेवटी 'मर्यादा' म्हणून दोन ओळी लिहायच्या आणि पुढच्या बॅचची ऑर्डर द्यायची.

मग माणसांवरचे आकडे आले. २००७ मध्ये अमेरिकेतली शंभर रुग्णांची छोटी चाचणी. प्रोजेस्टेरॉन मिळालेल्यांत महिन्याभरात १३ टक्के गेले, न मिळालेल्यांत ३० टक्के. २००८ मध्ये चीनमधल्या हांगझोऊची, १५९ रुग्णांची. तिथे आठ तासांच्या आत आलेल्यांना वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅम, साधं स्नायूतलं इंजेक्शन, दर बारा तासांनी, पाच दिवस. ते लोक औषध न मिळालेल्यांपेक्षा तीन महिन्यांनीही बरे होते, सहा महिन्यांनीही. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे लागेल. इंजेक्शन साधं, तेलातलं. गर्भ टिकावा म्हणून आपल्याकडे गल्लोगल्ली देतात. कुठल्याही केमिस्टकडे मिळतं.

२००९ च्या विज्ञान दिनाला दादरला माझं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर माझा फोटो आणि मथळा: 'मेंदूच्या इजेवर स्त्री-संप्रेरकाचा उतारा, पाच वर्षांत औषध हाती'. मी बरीच वर्षं त्या वार्ताहराला दोष देत होते. मी 'सगळं नीट जुळून आलं तर' म्हटलं होतं, त्यानं ते गाळलं, असं सांगत फिरायचे. निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना त्या भाषणाची टिपणं सापडली. माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित: येत्या पाच वर्षांत. जुळून येण्याबिण्याचा कुठे पत्ता नव्हता.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला राहतो. त्यानं ते कात्रण कापून रेल्वेच्या पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. ऑफिसात दाखवायला. मला हे माहीत नव्हतं.

जुलै २०१०. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा, माटुंग्याला इंजिनियरिंगला. संध्याकाळी सात चाळीसच्या सुमारास कळवा-मुंब्र्याच्या मध्ये, पाऊस, दारात लोंबकळत होता, खांब लागला. हे वाक्य मुंबईत इतक्या वेळा ऐकलेलं असतं की कोणी विचारत नाही खांब कसा लागतो. आधी एका दवाखान्यात नेलं, तिथून दुसरीकडे. मी पोचले तेव्हा त्याला ऑपरेशनला घेतलं होतं. रक्त साकळलं होतं ते काढलं, सुजेला जागा व्हावी म्हणून कवटीचा एक तुकडा काढला आणि तो नंतर बसवता यावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवला. एक वाजता बाहेर आणलं. आत नेलं तेव्हा बेशुद्धीची पट्टी पंधरापैकी सहा दाखवत होती. मी कागद वाचू शकत होते, ही त्या रात्रीची सगळ्यात वाईट गोष्ट होती. भाऊ आणि भावजय माझ्या चेहऱ्याकडे बघून कागद वाचत होते.

दोनच्या सुमारास कॉरिडॉरमध्ये भावानं खिशातून पास काढला. मला वाटलं पैसे शोधतोय. त्यानं पाकिटातून कात्रण ओढलं. घडीवर फाटायला आलं होतं. "ताई, हे तुझंच ना?" म्हणाला. "हे आपण त्याला देऊ शकतो ना?"

मी हो-नाही काहीच बोलले नाही. खाली उतरले, रस्ता ओलांडून समोरच्या केमिस्टकडे गेले. रात्रभर उघडं असायचं ते दुकान. चिठ्ठी न मागता त्यानं दोन अँपूल काढून दिल्या. "मिसेसना आहे का?" असं त्यानं माझ्यामागच्या माणसाला विचारलं, कारण बायका एकट्या रात्री दोनला हे घ्यायला येत नसाव्यात. तो माणूस वेगळ्याच रांगेत होता. मी पैसे दिले. जिना चढताना हिशेब केला. अठ्ठावन्न किलो, म्हणजे अठ्ठावन्न मिलिग्रॅम. सात चाळीसला लागलं, म्हणजे हांगझोऊचे आठ तास तीन चाळीसला संपतात. मी अकरा वर्षं उंदरांचा हिशेब ज्या डोक्यानं करत होते, त्याच डोक्यानं हा केला. हात थरथरत नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाहीये.

न्यूरोसर्जन तरुण होते, अठरा-वीस तास जागे असावेत. मला ओळखत होते. विद्यार्थी असताना माझं एक व्याख्यान ऐकलं होतं म्हणाले. मी अँपूल टेबलावर ठेवल्या. त्यांनी लेबल वाचलं आणि हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, "मॅडम, पेपर मीही वाचलेत. इंजेक्शन तसं निरुपद्रवी आहे, बायकांना रोज देतात. पण मी आजवर कोणाला दिलेलं नाही. यातल्या जाणकार तुम्ही आहात. तुम्ही केसपेपरवर लिहा, खाली सही करा. मी आत्ता देतो."

त्यांनी पेन माझ्यापुढे केलं.

मी ते घेतलं नाही. "मोठ्या चाचण्या नुकत्या सुरू झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत असं सुटंसुटं देणं बरोबर नाही," असं म्हणाले. वाक्य शहाणपणाचं आहे. कुठल्याही नीतिशास्त्राच्या समितीत ते शोभेल. ते मान हलवून "ठीक" म्हणाले आणि मला वाटलं त्यांनाही सुटल्यासारखं झालं. मी अँपूल पर्समध्ये टाकल्या.

बाहेर भाऊ उभा होता. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणतायत. रिस्क आहे म्हणाले."

तीन चाळीसपर्यंत मी कॉरिडॉरमधल्या घड्याळाकडे बघत होते. काटा पुढे गेला आणि मला हायसं वाटलं. आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

(हा मजकूर लिहून झाल्यावर मी आधी भावजयीला वाचायला दिला. या प्रसंगात मी लिहिलं होतं की आमचं बोलणं चाललेलं असताना ती डॉक्टरांच्या खोलीच्या दाराबाहेर होती, थोडंफार तिच्या कानावर गेलं असावं. तिनं तेवढीच दुरुस्ती सांगितली. "बाहेर नाही, आत होते. फाइल घेऊन तुमच्या मागेच उभी होते, ताई." बाकी काही बोलली नाही. पंधरा वर्षं तिनं हे भावाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ती माझ्याशी कमी बोलते कारण तिचा स्वभावच तसा.)

भाचा वाचला. अकरा दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. कवटीचा तुकडा दिवाळीनंतर बसवला. आज तो चौतिशीत आहे. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत, बोलताना शब्द शोधावा लागतो, राग पटकन येतो आणि आल्याचं त्याला अर्ध्या तासानं कळतं. इंजिनियरिंग सुटलं. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, बरं चालतं. वास मात्र पूर्ण गेला. नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक धागे अशा मारात तुटतात, ते क्वचितच पुरते जुळतात. दूध नासलंय की चांगलं, हे तो आईला विचारतो. स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवलाय.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, २०११ च्या सुरुवातीला, माझी एक विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. सुंदर आलेख. सूज उतरलेली, फरक ठसठशीत, तिचा चेहरा फुललेला. मी विचारलं, "पहिला डोस किती वेळानं?" ती म्हणाली, "नेहमीप्रमाणे, मॅडम. एका तासानं." एका तासात मुंबईत माणूस रुळावरून उचलून स्टेशनाच्या बाहेरसुद्धा पोचत नाही. हे मला दहा वर्षं माहीत होतं. मी याच लाइननं येते-जाते. त्या दिवशी मात्र मी तो आलेख उलटा करून टेबलावर ठेवला आणि तिला म्हटलं, आपण विषय बदलतोय. तिसऱ्या वर्षाला होती ती. तिची दोन वर्षं माझ्यामुळे वाया गेली. तिला मी अनुदानाचं कारण सांगितलं. तिनं ते मानलं असं दाखवलं.

एवढंच. दूरदृष्टी वगैरे काही नाही. मी पिंजऱ्यापुढे उभी राहिले की मला ते पेन दिसायचं.

आता २०१४. डिसेंबरमध्ये दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष एकाच मासिकात, एकाच वेळी आले. एकीत ८८२ रुग्ण. ती मध्येच थांबवावी लागली, कारण पुढे जाण्यात अर्थ उरला नव्हता. चार तासांच्या आत औषध सुरू केलेलं. बरं म्हणावं असे प्रोजेस्टेरॉनवर ५१ टक्के, नुसत्या द्रावणावर ५५.५. दुसरीत ११९५ रुग्ण, आठ तासांच्या आत. ५०.४ आणि ५०.५. मी ते आकडे रात्री जेवणं झाल्यावर वाचले. ओट्यावर भांडी तशीच होती. माझी बारा वर्षं, स्टाइन यांचं जवळजवळ सगळं आयुष्य, कितीतरी घरांची आशा, आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. खरंखुरं हलकं वाटलं. ज्या गोष्टीवर मी तारुण्य घालवलं ती फसली, आणि मी उठून भांडी घासायला घेतली तेव्हा गुणगुणत होते. नवऱ्यानं विचारलंसुद्धा, काय गं, काही चांगली बातमी?

भाच्याला काही फरक पडला नसता. हे वाक्य त्या रात्री मी मनात कितीदा म्हटलं असेन त्याला गणती नाही.

इथं माझं माझ्याशीच भांडण सुरू होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. २००९ ची मी म्हणते: बघ, तू सही केली नाहीस हेच योग्य ठरलं. डोक्याच्या इजेवर स्टेरॉइड द्यायची पद्धत तीसेक वर्षं चालू होती, सगळ्यांना खात्री होती, आणि शेवटी दहा हजार रुग्णांवर तपासलं तेव्हा २००४ मध्ये कळलं की त्यानं जास्त माणसं मरतात. न दिलेल्यांत दोन आठवड्यांत १७.९ टक्के गेले, दिलेल्यांत २१.१. प्रोजेस्टेरॉनही त्याच स्टेरॉइड कुळातलं. तुला हे माहीत होतं म्हणून तू थांबलीस.

माहीत होतं. पण त्या रात्री ते मला आठवलं होतं की नंतर सुचलं, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही. मला आठवतंय ते फक्त पेन. आणि न्यायचं तर भांडण पुढेही नेता येतं. दादरच्या व्यासपीठावर जे बोललीस त्यावर तुझा विश्वास होता, तर मग घरच्या पोरासाठी सही का केली नाहीस? आणि विश्वास नव्हता, तर लोकांपुढे दोनदा अधोरेखित करून काय सांगत होतीस? यावर २००९ ची मी म्हणते, संशोधनाला पैसा उभा करायचा तर असं थोडं चढवून बोलावंच लागतं, सगळे बोलतात. कबूल. पण ते कात्रण ज्यानं पाकिटात ठेवलं, त्याच्याकडून मला पैसा नको होता.

आणि समजा, सही न करणं योग्यच होतं. तरी "डॉक्टर नको म्हणतायत" हे कशात बसतं? त्या बिचाऱ्या माणसानं तर हो म्हटलं होतं.

नंतरच्या कामाबद्दल कोणी विचारत नाही, तरी दोन ओळी. पाळी जायच्या आधीच बीजकोश काढून टाकलेल्या बायकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सनसारखी लक्षणं जास्त दिसतात, हे अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या नोंदींवरून २००७ मध्ये पुढे आलं होतं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या जातात, हे २०१९ मध्ये बीडच्या निमित्तानं सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं आणि विसरलं. पिशवीबरोबर बीजकोशही गेले का, हे त्या बाईला बरेचदा सांगितलेलंही नसतं. मी शेवटची दहा वर्षं यावर काम केलं. औषध शोधलं नाही. नोंदी केल्या, बायकांच्या हातांचा कंप मोजला, ऑपरेशनचे जुने कागद जमवले. उंदीर जवळजवळ नाहीतच. हे काम लहान आहे, पण यात मला कोणालाही पाच वर्षांचा वायदा करावा लागला नाही. सोसायटीतल्या बायका विचारतात, मग पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का? त्यांना मी डॉक्टरांकडे पाठवते. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पासष्टीच्या पुढच्या बायकांना त्या गोळ्या दिल्या, तेव्हा स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट झालं होतं. कमी वयात सुरू केल्या तर काय, यावर अजून वाद आहेत. दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही आणि आता द्यायची हौसही नाही.

एक गंमत राहिलीच. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात जे पुढचं रसायन तयार होतं, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन, त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर. म्हणजे औषध निघालं, पण भलत्याच दारातून. सोसायटीतल्या काकांनी ती बातमी मला पाठवली आणि खाली लिहिलं, अभिनंदन.

भावाला मी हे सगळं गेल्या महिन्यात तोंडानं सांगितलं, छापायच्या आधी. डोंबिवलीला त्याच्या गॅलरीत बसून. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. बराच वेळ खालच्या रिक्षांकडे बघत होता. मग विचारलं, "दिलं असतं तर गुण आला असता का?"

मी त्याला आकडे सांगितले. ५०.४ आणि ५०.५. कागदावर दोन खांब काढून दाखवले, जवळजवळ सारख्या उंचीचे. हेही सांगितलं की अशा चाचण्यांत 'बरं' या रकान्यात जे धरतात, त्यात आपला पोरगाही मोडतो. स्वतःचं स्वतः करता येतं, आधीसारखं सगळं जमत नसलं तरी रोजच्या जगण्यात परावलंबी नाही, म्हणजे चांगल्या निकालातला. त्यानं कागद हातात घेतला.

"हे त्या लोकांचं झालं," म्हणाला.

मला पुढे बोलता आलं नाही. वर्गात याचं उत्तर मी तीस वर्षं शिकवलं आहे.

भाचा तेवढ्यात दुकान बंद करून आला. त्याला आम्ही काय बोलतोय ते थोडं आधीच माहीत होतं, बहुधा आईकडून. बूट काढता काढता म्हणाला, "आत्या, तुझे ते उंदीर... ज्यांना औषध दिलं... त्यांना नंतर वास यायचा का गं?"

मी आठवून बघितलं. दांडीवरून चालवलं होतं, पाण्याच्या टाकीत पोहवलं होतं, भूलभुलैयात सोडलं होतं. पावलांचे ठसे मोजले होते. बारा वर्षांच्या वह्या आहेत.

"नाही तपासलं रे," मी म्हटलं.

"अगदी सोपं होतं ना ते? बिस्किट लपवायचं."

"हो," मी म्हटलं. "सोपं होतं."

आतून भावजयीनं विचारलं, चहात आलं घालू का. तो म्हणाला घाल, आत्याला आवडतं.